वानखडेंचा पडदा

वानखडे पडद्याकडे कधी सरळ पाहत नसत. मान थोडी वळवून, समोरच्या भिंतीवर काहीतरी लिहिलेलं असावं तसे तिकडे बघत उभे राहत आणि पडदा डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवत. नवख्याला वाटे, यांचा डोळा तिरपा आहे. मलाही तसंच वाटलं होतं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "लुकलुक कोपऱ्यातूनच दिसते, सर. समोरून पाह्यलं का डोया फसते." मी फिजिक्सचा एम.एस्सी., पण ही गोष्ट मला तोवर कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती. पुढे खूप वर्षांनी भेटली, तेव्हा ती ओळ वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

त्यांच्याविषयी लिहायचं मी फार दिवस टाळत आलो. लिहायचं तर खरं लिहावं लागणार, आणि खऱ्यात मी काही चांगला दिसत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. कॉलेज नवं होतं, फिजिक्सचा विभाग त्याहून नवा. मी चोवीस वर्षांचा, तात्पुरत्या नेमणुकीवर आलेला लेक्चरर. सुखदेव वानखडे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. म्हणजे हुद्दा शिपायाचाच, फक्त झाडूऐवजी हातात पेचकस. वय तिशीच्या आसपास. मूळचे मेडशीचे. बायको, मुलं आणि म्हातारे वडील गावी. हे आठवडाभर वाशीमला एका खोलीत राहत आणि शनिवारी दुपारच्या एसटीने घरी जात. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, त्याच वर्षी वडिलांनी मळ्यावरची सालदारी सोडली आणि पोराला शाळेतून काढणार नाही असं ठरवलं, एवढं त्यांच्या तोंडून मी ऐकलं होतं. मॅट्रिक झाले, कॉलेजचं एक वर्ष झालं, मग वडील आजारी पडले आणि ते राहिलं. रेडिओ दुरुस्तीचं काम ते अकोल्यात एका दुकानात शिकले होते.

माझं पहिलंच प्रॅक्टिकल ऑसिलोस्कोपचं होतं. ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: पाच इंचांचा गोल काचेचा पडदा, त्यावर एक हिरवा ठिपका. हा ठिपका डावीकडून उजवीकडे सारखा धावत असतो, आणि तो इतक्या वेगाने धावतो की आपल्याला ठिपका दिसत नाही, रेघ दिसते. त्याच्या धावण्याची गती नेमकी जुळली तर विजेची लाट पडद्यावर चित्रासारखी उभी राहते. नाही जुळली तर ती वाहत राहते. माझी वाहत होती. मी बटणं फिरवतोय, वीस मुलं मागे उभी, लाट काही केल्या थांबेना. तेवढ्यात वानखडे फडकं घेऊन टेबल पुसायला आले. माझ्या हाताशेजारून फडकं फिरवलं आणि जाता जाता एक बटण केसभर हलवलं. लाट उभी राहिली. मुलांना वाटलं, सरांनी केलं. मी मुलांना तसंच वाटू दिलं.

या गोष्टीबद्दल मी तेव्हा त्यांचे आभार मानले, एकांतात. एकांतात मी त्यांना 'तुम्ही' म्हणत असे. चार माणसं असली की 'सुखदेव, तू ते आण जरा' असं म्हणायचो. प्राचार्य 'अरे सुखदेव' म्हणत, केमिस्ट्रीचे एक गृहस्थ तर 'सुख्या' म्हणत, आणि त्यांच्यासमोर आपण वेगळं बोललो तर कसं दिसेल, असा माझा हिशेब. वानखडेंनी हा फरक आपल्याला जाणवतो असं कधी दाखवलं नाही. ते मला दोन्हीकडे 'सर'च म्हणत.

'बसू द्या' हा त्यांचा शब्द होता. व्हॉल्व्हचं, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्यांचं यंत्र चालू केलं की पंधरा-वीस मिनिटं ते कुणाला हात लावू देत नसत. "गरम होऊ द्या, बसू द्या त्याले." प्राचार्य एखाद्या कागदावरून संतापले की बाहेर येऊन मला सांगत, आता जाऊ नोका सर, बसू द्या. परीक्षेत नापास झालेला मुलगा प्रयोगशाळेच्या पायरीवर रडत बसला होता, तर त्याच्याजवळ जाऊन समजूत घालणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्यांनी मागे सारलं आणि दुरून त्याच्यावर नजर ठेवली. तासाभराने तो उठून स्वतःच पाणी प्यायला आला.

आमच्याकडे ऑसिलोस्कोप दोन होते. एक नवा. दुसरा कुठल्यातरी मोठ्या कॉलेजने मोडीत काढलेला, बटणांवरचे आकडे पुसून गेलेला. वानखडेंनी तो दुरुस्त केला, आणि आकडे नाहीत म्हणून बटणाची खूण घड्याळासारखी वाचायला सुरुवात केली. त्यांच्या शंभर पानी वहीत नोंदी असत: 'डावं बटन पावणेचार, खालचं साडेदहा, चित्र थांबलं पण थरथर.' प्रत्येक नोंदीपुढे एक लहानसं वर्तुळ आणि त्यात काटा. कुणी ती वही पाहिली असती तर या माणसाला घड्याळ शिकवतायत असं वाटलं असतं.

पडद्याची कल्पना त्यांना कधी सुचली ते मला ठाऊक नाही. एक दिवस म्हणाले, "सर, ठिपका आडवा धावते तं रेघ होते. आडवा धावता धावता हळूहळू खालीबी उतरवला तं सगळा पडदाच भरन ना?" मी म्हटलं, भरेल, टेलिव्हिजन असाच चालतो. टेलिव्हिजन आम्हा दोघांनीही पाहिलेला नव्हता. मुंबईला आला आहे एवढं पेपरात वाचलेलं. मी पुस्तकातलं एक पान त्यांना समजावून सांगितलं आणि विसरून गेलो.

ते विसरले नाहीत. जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह गोळा करून त्यांनी ठिपका खाली उतरवणारी जोडणी केली. पडदा रेघांनी भरला, पण लुकलुकायला लागला. मग चार-पाच महिने त्यांचं एकच चाललं होतं. रेघा जास्त घेतल्या तर पडदा पुन्हापुन्हा भरायला वेळ लागे आणि डोळ्याला लुकलुक जाणवे. लुकलुक घालवायला गती वाढवली तर रेघा कमी पडत, चित्र खरबरीत होई. दोन्ही एकदम वाढवायला जावं तर आमचे जुने व्हॉल्व्ह पुरे पडत नसत. मधल्या सुट्टीत खिडक्यांना सतरंज्या टांगून ते अंधार करत, भाकरीचा घास तोंडात, मान वळवलेली, आणि एक हात बटणावर. वहीत घड्याळांची पानंच्या पानं भरत गेली.

त्यात गिरणीचा घोळ होता. कॉलेजच्या मागे पिठाची चक्की होती. तिची मोटर सुरू झाली की आमचे दिवे मंद होत आणि पडद्यावर एक काळा पट्टा खालून वर सरकायला लागे. वानखडे एकदा गिरणीवाल्याकडे गेले आणि दहा मिनिटं चक्की बंद ठेवायची विनंती केली. त्याने विचारलं, काहून? यांनी खरं कारण सांगितलं. दळणाला बसलेल्या बायका हसल्या. गिरणीवाला म्हणाला, तुमच्या कॉलेजच्या दिव्यासाठी मी गावच्या भाकरी थांबवू काय? परत आले ते हसतच, पण दोन दिवस त्यांनी बटणाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेचं कुलूप काढतोय, तर हे मागे येऊन उभे.

"सर, आपुन उलटं करून राह्यलो. लाईट हालते अन् पडदा थांबवाले पाह्यतो. पडद्याले लाईटीसंगंच बांधून टाकू. थे हालली का हाबी तसाच हालन. दोघं संग हालले का आपल्याले थांबल्यावाणी दिसन."

ठिपक्याची गती वेगळी न ठेवता विजेच्या लहरीलाच जोडून टाकायची. मी ते कागदावर मांडून पाहिलं, बरोबर होतं. दुपारी जोडणी झाली. चक्की सुरू झाली, दिवे मंदावले, पडदा थोडा लहान झाला पण पट्टा जागच्या जागी उभा राहिला. वानखडे भिंतीकडे बघत बराच वेळ उभे होते. मग स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, ताण पडला जरासा.

पुढचं काम त्यांनी महिन्याभरात केलं. जुन्या यंत्राच्या पडद्यासमोर एक भिंग, त्यापुढे कागद, आणि कागदामागे फोटोसेल, म्हणजे उजेड पडला की वीज सोडणारी नळी. कागदात 'अ' कापलेला. धावता ठिपका कागदातल्या भोकासमोर आला की उजेड नळीवर पडे आणि त्याच क्षणी नव्या यंत्राच्या पडद्यावरचा ठिपका उजळे. दोन्ही ठिपके एकाच चालीने धावत असल्यामुळे दुसऱ्या पडद्यावर हिरवा 'अ' उमटे. कागद हलवला की 'अ' हले. कागद काढून बोट धरलं की बोटाची सावली. वानखडेंनी आपला पंजा धरला आणि बोटं मिटली-उघडली. पलीकडच्या पडद्यावर पंजा मिटला-उघडला. गावातल्या शाळांची मुलं रांगा लावून बघायला आली. गिरणीवालाही आला, अंगावर पिठासकट. त्याने बोट धरलं, पडद्यावर पाहिलं आणि झटकन मागे घेतलं.

त्याच वर्षी विद्यापीठाची समिती आली. विभागाला कायम मान्यता द्यायची की नाही हे ती ठरवणार होती, आणि मान्यतेवर माझी नोकरी कायम होणं अवलंबून होतं. समितीत नागपूरचे एक वयस्क प्राध्यापक होते. बाकीचे चहाला गेले, हे पडद्यासमोरून हलेनात. वानखडे दाराजवळ हात बांधून उभे होते, पाण्याचे ग्लास ठेवलेला ट्रे शेजारी. प्राध्यापकांनी इंग्रजीत विचारलं, ही कुणाची करणी? प्राचार्य माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आमच्या या तरुण सरांची.

मी त्यावेळी काय करू शकलो असतो ते अगदी साधं होतं. मान दाराकडे वळवायची. तेवढंही मी केलं नाही. प्राध्यापकांनी पुढचा प्रश्न विचारला: गती स्वतंत्र न ठेवता विजेच्या लहरीला का जोडली? मी उत्तर दिलं. इथली वीज स्थिर नाही. तिला थांबवता येत नाही, म्हणून पडद्यालाच तिच्याबरोबर हलू दिलं. वानखडेंची दोन वाक्यं मी इंग्रजीत केली. म्हातारे गृहस्थ इतके खूश झाले की त्यांनी माझा हात हातात घेतला. वानखडेंना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण समजत होतं.

जाताना प्राध्यापकांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या विद्यापीठाच्या उपकरणशाळेत एका कारागिराची जागा होती. पदवीची अट नाही, हात हवेत. म्हणाले, तुमच्या हाताखाली एखादा जोडणी करणारा माणूस असेलच, एवढी सफाई एकट्याची नसते. त्याचं नाव महिन्याभरात मला कळवा.

मी कळवलं नाही. पहिल्या आठवड्यात मी स्वतःला सांगितलं की वानखडे गेले तर प्रयोगशाळा बंद पडेल. ते खरंही होतं. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, ते नागपूरला गेले की पडदा कुणी केला हे तिथे पहिल्याच दिवशी उघड होईल. हे जास्त खरं होतं. एकदा त्यांनीच विचारलं, नागपूरचे साहेब पडद्याबद्दल काही म्हणत होते का? मी म्हणालो, छान आहे म्हणाले.

मान्यता मिळाली. मी कायम झालो. प्राचार्यांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडून पडद्यावर लेख मागितला. लेखाला आकडे हवे होते, ते वहीत होते. वानखडेंनी दोन दुपारी माझ्यासमोर बसून वही वाचून दाखवली. एकेका घड्याळाचा अर्थ सांगितला, आणि मी लिहून घेतलं. लेखाच्या शेवटी मी एक ओळ टाकली: 'प्रयोगशाळा परिचरांचे सहकार्य लाभले.' नाव घातलं नाही. अंक आला तेव्हा वानखडेंनी तो उभ्या उभ्या वाचला, शेवटची ओळही वाचली आणि 'फोटो चांगला आला, सर' म्हणून परत दिला. फोटो माझा होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर नागपूरहून कार्ड आलं. कॉलेजचं टपाल ऑफिसातून प्रयोगशाळेत आणायचं काम वानखडेंचंच होतं. त्यांनी माझ्या टेबलावर दोन पाकिटं ठेवली आणि कार्ड वेगळं ठेवलं, पत्त्याची बाजू वर करून.

"नागपूरचं हाय," ते म्हणाले. मग खिडकीशी जाऊन सतरंजीची सुतळी सोडायला लागले. थोड्या वेळाने पाठ तशीच ठेवून म्हणाले, "जागा भरली म्हणते."

मी विचारलं, "कसली जागा?"

त्यांनी सुतळीची गुंडाळी पूर्ण केली, खिळ्याला अडकवली. "तुमी नाव कळवलं नाई म्हणून दुसरा घेतला, असं लिवलं हाय. वाचलं गेलं, सर. कार्ड उघडं असते."

एवढंच. त्यांच्या आवाजात राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. खोटं का होईना, बोललो असतो. ते बादली घेऊन पाणी आणायला गेले. मी कार्ड वाचलं. त्यांनी सांगितलं होतं त्याहून त्यात जास्त काही नव्हतं.

आठवड्याने त्यांनी विचारलं, नवा ऑसिलोस्कोप परीक्षेला लागेल, पडद्याची जोडणी सोडू का? मी हो म्हणालो. त्यांनी ती अशी सोडली की मला बघवेना. ओढाताण नाही, एक तारही तोडली नाही. एकेक सांधा गरम करून मोकळा केला. व्हॉल्व्ह वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळले, प्रत्येकावर नंबर लिहिला, कपाटात ओळीने ठेवले. भिंग पुसून प्रकाशाच्या प्रयोगांच्या खणात परत गेलं. संध्याकाळी पाचला टेबल रिकामं होतं. त्यानंतर त्यांनी पडद्याचं नाव काढलं नाही, आणि माझ्या एकाही कामात कसूर केली नाही. मुलांना ते पूर्वीसारखेच मदत करत. मला मात्र त्यांनी नवीन काही सुचवलं नाही. 'सर, आपुन असं करून पाहू' हे वाक्य त्या दिवसानंतर मी ऐकलं नाही. मीही मागितलं नाही.

दोन वर्षांनी मला अमरावतीला मोठ्या कॉलेजात जागा मिळाली. अर्जाला तो लेख जोडला होता. निरोपसमारंभात वानखडेंनी मला हार घातला. कर्मचाऱ्यांतर्फे कुणीतरी घालायचा होता, त्यांचं नाव पुकारलं. त्या दिवशी त्यांना सगळं सांगून माफी मागायची असं मी सकाळपासून ठरवलं होतं. हार घालताना ते माझ्याइतक्या जवळ होते की हळू आवाजातही सांगता आलं असतं. मी वाकलो, हार घेतला, फोटोसाठी सरळ उभा राहिलो.

शेवटचे दिसले ते सत्तरच्या दशकाच्या अगदी अखेरीला. मी परीक्षक म्हणून अकोल्याहून वाशीमला निघालो होतो. एसटी मेडशीला थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. जूनचे दिवस, गाडीत उकडत होतं. मी खिडकीत बसलो होतो. खाली थांब्यावर वानखडे उभे होते, अकोल्याच्या गाडीची वाट बघत. कानांवरचे केस पांढरे झालेले. एका हातात पत्र्याची ट्रंक, शेजारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. त्यांनी मला आधी ओळखलं. खिडकीखाली आले.

मुलगी सुजाता. थोरली. मॅट्रिकला तालुक्यात वरच्या नंबरात आली होती. अकोल्याला सायन्सला नाव घातलं होतं आणि वसतिगृहात जागा मिळाली होती. हे सांगताना त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला. पडद्याच्या त्या महिन्यांत तो असाच असे. मग ते तिला म्हणाले, "हे आमचे सर. सांगतलं होतं ना तुले?"

मुलीने नमस्कार केला आणि वर माझ्याकडे नीट पाहिलं. "थो पडदा तुमीच बनवला होता ना, सर? हात दाखवला का तिकडं हात दिसे थो? बाबा लय सांगते."

मी वानखडेंकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ट्रंकेचा कडीकोयंडा तपासत म्हणाले, "म्या तिले म्हटलं, एम.एस्सी. पर्यंत शिकलं का मानसाले असं करता येते. माह्यासारखं मधातच सोडू नोको."

गाडी सुटायला अजून वेळ होता. कंडक्टरच्या हातातला चहाचा ग्लास भरलेला मला दिसत होता. पोरगी उत्तराची वाट बघत होती. तिला खरं सांगितलं तर तिचा बाप तिच्याशी खोटं बोलला असं होत होतं, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला समजावलं आहे. त्या क्षणी हे काही माझ्या मनात आलं नव्हतं. त्या क्षणी मला फक्त तिच्या नजरेतला सर सोडवला नाही.

"हो," मी म्हणालो. "मनापासून अभ्यास कर."

वानखडेंनी मान डोलावली, जसं काही मी त्यांचंच एक काम केलं होतं. म्हणाले, या कधी घरी, गाव आलंच आहे. समोरून धूळ उडवत अकोल्याची गाडी आली तशी त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली, पोरीला पुढे घातलं आणि गर्दीत शिरले. आमची गाडी हलली तेव्हा त्या गाडीच्या टपावर चढून ते ट्रंक दोरीने बांधत होते. गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा सोडून नीट बांधली. खालून मुलगी वर बघत उभी होती. ते मोठ्याने तिला काहीतरी सांगत होते. काय ते मला ऐकू आलं नाही.